दुष्काळातला भोवरा

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल-उटणे लागते, घरातले कोणी वडीलधारे काशाच्या वाटीने तळपाय घासून देते, आणि आंघोळीची पाळी येईपर्यंत मुले कुडकुडत अंगणात उभी राहतात. त्या वेळी सगळ्यांचे लक्ष फटाक्यांकडे असते. ईशान्येकडे कोणी पाहत नाही. यंदा जरूर पाहावे. सप्तर्षी तेव्हा क्षितिजातून वर येत असतात. चार ताऱ्यांची चौकट वर आणि शेपूट खाली, असे ते शेपटीवर उभे राहिल्यासारखे दिसतात. शेपटीच्या मध्यावर वसिष्ठ, त्याला बिलगून अरुंधती. आणि सर्वांत शेवटी, अगदी झाडांच्या शेंड्यांना टेकलेला मरीची.

या मरीचीच्या जवळच, श्यामशबल नावाच्या फिकट तारकासमूहात, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी एक वस्तू आहे. तिचे खरे रूप प्रथम माणसाच्या डोळ्यांना दिसले ते १८४५ साली, आयर्लंडमध्ये. त्याच वर्षी त्या देशावर इतिहासातला अत्यंत भयंकर दुष्काळ कोसळला. या दोन घटनांची ही हकीकत आहे.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे न घडलेल्या गोष्टी सांगण्याची मला सवय फार. म्हणून आधीच सांगून टाकतो, की पुढची हकीकत घडलेली आहे. आणि तिच्याकडे मी वळलो तो एका म्हाताऱ्याच्या प्रश्नामुळे.

२०१८ साली आमच्या माणदेशात पावसाने दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात गावोगावची जनावरे छावणीत गेली. माझा एक विद्यार्थी आजोबांबरोबर छावणीतच राही. रात्री उघड्यावर झोपायचे, वर लख्ख आभाळ. एकदा त्याने मला ताऱ्यांची नावे विचारली. मी सप्तर्षी दाखवले, ध्रुव दाखवला. पोराला नाद लागला. वहीच्या मागच्या पानांवर तो तारे काढू लागला. कोणता तारा किती वाजता कोणत्या खांबावर येतो, तेही टिपू लागला. एके दिवशी आबा शाळेच्या पायरीशी येऊन बसले.

"गुरुजी, पोराला हे ताऱ्यांचं येड तुमी लावलंसा. रातभर आभाळाकडं बघतंय, सकाळी जनावरं पाजायला उठत न्हाई. तारं बघून पोट भरतं व्हय?"

"नाही भरत, आबा," मी म्हणालो. "त्याला सांगतो मी."

आबा उठून गेले. मला मात्र ते वाक्य लागले. पाऊस पडो न पडो, माझा पगार महिन्याच्या महिन्याला येत होता. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने उपाशी माणसाच्या नातवाला आभाळ दाखवावे, यात काही अधर्म तर नाही ना, अशी टोचणी लागली. त्या दिवसांत मला लॉर्ड रॉसची गोष्ट पुस्तकांतून सापडली. तिने टोचणी गेली नाही. पण आपल्याआधीही कोणाला तरी ती लागली असावी, एवढे कळले.

आता मुळापासून सांगतो. मरीचीजवळची ती वस्तू प्रथम दिसली शार्ल मेसिये या फ्रेंच ज्योतिषाला, १७७३ च्या ऑक्टोबरात. मेसियेला हवे होते धूमकेतू. आभाळात जागचे न हलणारे पुसट डाग धूमकेतूचा भास निर्माण करीत आणि त्याची फसगत होई. म्हणून त्याने अशा फसव्या डागांची यादी केली. या डागाचा तिच्यात क्रमांक ५१. म्हणून आजही त्याला मेसिये ५१ म्हणतात. म्हणजे ज्या वस्तूने पुढे माणसाची विश्वाची कल्पनाच बदलायला लावली, तिची पहिली नोंद 'इकडे पाहू नये' अशा यादीत झाली! पुढे १७८१ साली मेसियेचा सहकारी पिएर मेशँ याला त्या डागाला चिकटलेला दुसरा लहान डाग दिसला.

साठ वर्षांनी जॉन हर्शेल या थोर इंग्रज ज्योतिषाने अधिक मोठ्या दुर्बिणीतून तो डाग पाहिला. त्याला मध्यभागी तेजाचा गोळा आणि भोवती एका बाजूला दुभंगलेले कडे दिसले. तसे चित्र त्याने १८३३ साली प्रसिद्ध केले. हर्शेलचा डोळा तयार होता, हात प्रामाणिक होता. कमी पडला तो आरसा.

तो आरसा घडवणारा विल्यम पार्सन्स, म्हणजेच तिसरा लॉर्ड रॉस, आयर्लंडच्या मध्यभागी पार्सन्सटाऊन येथे राहत असे. त्या गावाला आज बर म्हणतात. वाडवडिलांचा किल्ला, शेकडो कुळे, खंडाचे उत्पन्न, आणि १८३६ साली लग्न होऊन घरात आलेली मेरी फील्ड ही श्रीमंत घरची, बुद्धिमान पत्नी. ही मेरी स्वतः आरंभीच्या छायाचित्रकारांपैकी एक. अशा उमरावाने शिकारी कराव्या, मेजवान्या द्याव्या, एवढीच जगाची अपेक्षा. रॉसने किल्ल्याच्या आवारात भट्ट्या घातल्या.

त्या काळी दुर्बिणीचे मोठे आरसे काचेचे नसत; तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे असत. वर जी काशाची वाटी आली, तिचे घटक हेच. फक्त आरशाच्या धातूत कथील जास्त. त्यामुळे तो चांदीसारखा पांढरा आणि चकचकीत होतो, पण काचेसारखा ठिसूळही. ओतताना जरा लवकर निवला की तडकला! रॉसने आधी तीन फुटी आरसा साधला आणि मग सहा फुटी आरशाला हात घातला. १३ एप्रिल १८४२ च्या रात्री तीन प्रचंड मुशींतून वितळलेला धातू साच्यात ओतला गेला. भट्टीचे इंधन म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटा; आपल्याकडच्या गोवऱ्यांसारखे, तिकडच्या गरिबाघरचे सरपण. ओतलेला आरसा सोळा आठवडे बंद भट्टीत हळूहळू निवत ठेवला. वजन सुमारे तीन टन. पुढे काही ओतकामे वाया गेली आणि अखेर दोन आरसे हाती आले. कारण या धातूवर दमट हवेत डाग चढतात, एक वापरात असताना दुसऱ्याला झिलई करावी लागे.

या सगळ्या कामाला रॉसने परदेशी कारागीर आणले नाहीत. आपल्या जहागिरीतलेच लोहार, सुतार, मजूर त्याने हाताशी धरून शिकवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पन्नास फुटांहून लांब अशी ती लाकडी नळी दोन उंच दगडी भिंतींमध्ये साखळ्यांनी टांगली. ती वरखाली होई, पण भिंतींमुळे बाजूला फारशी वळत नसे. तारा आपणहून समोर यायचा आणि तासाभरात निघून जायचा. तेवढ्यात काय पाहायचे ते पाहावे. त्यातून आयर्लंडचे आभाळ! ढग आणि पाऊस यांतून जी फट मिळेल ती आपली. लोकांनी या दुर्बिणीला नाव दिले 'लेव्हायथन', म्हणजे पुराणातला महाकाय जलचर. १९१७ पर्यंत तिच्याहून मोठी दुर्बीण जगात झाली नाही.

१८४५ च्या फेब्रुवारीत ती प्रथम आभाळाकडे रोखली गेली. त्याच वसंतात रॉस शिडी चढून नळीच्या तोंडाशी उभा राहिला आणि मेसियेच्या यादीतला एकावन्नावा डाग समोर आला. हर्शेलचे कडे तेथे नव्हते. होता एक भोवरा. नदीला पूर आल्यावर डोहात पाणी गरगरते तसा. मधल्या तेजातून दोन हात निघालेले, एकाच दिशेने वळत बाहेर गेलेले, आणि एका हाताच्या टोकाशी तो लहान डाग.

छायाचित्र घेणे त्या काळी शक्य नव्हते. अंधारात डोळा नळीला लावायचा, मग मंद उजेडात कागदावर रेघ काढायची, पुन्हा डोळा लावायचा. डोळ्याला वाटले ते आणि खरोखर दिसले ते यांतला भेद प्रत्येक रेघेला करावा लागे. रॉसने ते चित्र पुरे केले आणि जूनमध्ये केंब्रिजला भरलेल्या ब्रिटिश विद्वानांच्या परिषदेत मांडले. परिषदेचा अध्यक्ष कोण? कड्याचे चित्र काढणारा जॉन हर्शेल! आपले चित्र अपुरे होते हे सभेपुढे उघड झाले. पण हर्शेलला वैषम्य वाटले नाही; त्याने नव्या चित्राचे आनंदाने स्वागत केले. शाळेत मी हा प्रसंग मुद्दाम सांगतो. आपली चूक दुसऱ्याने दाखवल्यावर आनंद होणे ही विद्येची खरी परीक्षा. तीत आम्ही मास्तर लोकच पुष्कळदा नापास होतो.

जून सरला. सप्टेंबर आला, आणि आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडला.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला करपा म्हणजे काय ते सांगायला नको. पाने काळी पडतात, आणि जमिनीतला कंद काढावा तर हाताला चिखल लागतो. आयर्लंडच्या गरीब कुळाचे सारे अन्न म्हणजे बटाटा. धान्य पिके, पण ते खंडापायी जाई. दुष्काळाच्या वर्षांतही देशातून धान्य बाहेर जात राहिले. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने आणि तापाच्या साथींनी मेली, आणि आणखी दहा लाखांवर जहाजांत बसून परदेशी गेली. देशाची वस्ती मुळात ऐंशी लाखांच्या थोडी वर! १८४७ हे साल तर तेथे 'काळे सत्तेचाळीस' म्हणूनच ओळखले जाते.

जगातली सर्वांत मोठी दुर्बीण त्या देशाच्या ऐन मध्यावर उभी होती. रॉसने काय केले? निरीक्षणे बाजूला पडली. मदतीच्या कामांत तो आणि मेरी गुंतली. किल्ल्याभोवती खंदक आणि तट यांचे काम काढून शेकडो माणसांना मजुरी दिली गेली. आपल्याकडे दुष्काळात खडी फोडण्याची, पाझर तलावाची कामे निघत, तोच प्रकार. ते खंदक आजही बरच्या किल्ल्याभोवती आहेत.

येथे माझ्यातला कादंबरीकार हळूच सांगतो, की रॉसला देवमाणूस करून टाक. पण तसे करणे खरे नव्हे. तो जमीनदार होता. ज्या खंडापायी कुळाचे धान्य जाई, त्याच व्यवस्थेवर त्याचे घर उभे होते, आणि दुर्बीणही. खंदक खणून काही शेकडा घरे तगली असतील; दहा लाख माणसे त्याने वाचली नाहीत. मात्र आभाळात आपण काय शोधले आहे हे जगात फक्त त्याला पुरते ठाऊक असताना, त्याने नळीपासून डोळा काढला आणि तो खाली पाहू लागला, एवढे खरे. दुष्काळाचा कडाका ओसरू लागल्यावर, १८४८ च्या सुमारास, निरीक्षणे पुन्हा नियमित सुरू झाली. १८५० साली त्याने आपला मोठा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा एका भोवऱ्याचे अनेक भोवरे झाले होते.

पण भोवरा म्हणजे आहे तरी काय? हे कळायला आणखी पाऊणशे वर्षे लागली. काहींना तर ते चित्र म्हणजे डोळ्यांचा भ्रम वाटे. १८८९ साली आयझॅक रॉबर्ट्स याने छायाचित्राच्या काचेवर तोच भोवरा टिपला, तेव्हा रॉसचा हात खरा ठरला. रॉस मात्र १८६७ सालीच वारला होता. राहिला प्रश्न अंतराचा. हे आपल्याच आकाशगंगेतले वायूचे लोट आहेत, की आकाशगंगेबाहेरची दुसरी ताऱ्यांची राज्ये? अमेरिकेत व्हान मानेन नावाच्या ज्योतिषाने काही वर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून असे भोवरे फिरताना दिसतात असे मोजमाप काढले. त्यांत आपला एकावन्नावाही होता. इतके सहज दिसणारे फिरणे असेल तर वस्तू जवळची असली पाहिजे. माणूस प्रामाणिक होता, पण मोजमाप चुकले होते.

निकाल लावला तो एका स्त्रीने शोधलेल्या नियमाने. हेन्रिएटा लेव्हिट यांनी दाखवून दिले होते, की काही ताऱ्यांचे तेज ठराविक दिवसांनी कमीजास्त होते, आणि तो काळ जितका मोठा तितका तारा मूळचा तेजस्वी. मूळ तेज कळले की दिसणाऱ्या तेजावरून अंतर काढता येते. रात्री दूरच्या कंदिलाचे अंतर आपण ओळखतो तसे. असा एक तारा एडविन हबलला १९२३ च्या ऑक्टोबरात देवयानी समूहातल्या भोवऱ्यात सापडला. अंतर इतके प्रचंड निघाले, की तो आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी बाहेर पडला. वाद संपला. प्रत्येक भोवरा ही एक स्वतंत्र दीर्घिका ठरली, अब्जावधी ताऱ्यांची. आणि आपली आकाशगंगा त्यांतलीच एक.

मेसिये ५१ आपल्यापासून सुमारे तीन कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. रॉसच्या डोळ्यात शिरलेला प्रकाश तेथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. तिच्या हातांवर निळे तरुण तारे आहेत, त्यांच्यामधून नवे तारे जन्मणारे गुलाबी वायूचे पुंजके, आणि हातांच्या आतल्या कडेने धुळीच्या काळ्या रेघा. तो लहान डाग म्हणजे शेजारून जाणारी दुसरी दीर्घिका. तिच्या ओढीने या हातांना इतका रेखीव आकार आला, असे १९७२ साली टूमरे बंधूंनी गणिताने दाखवले. १९९४, २००५ आणि २०११ अशी तीन वेळा त्या भोवऱ्यात एकेक तारा फुटून मरताना दिसला.

एक कोडे मात्र राहिले. मध्याजवळचे तारे लवकर फेरी पुरी करतात, कडेचे उशिरा. मग हे हात दोरी गुंडाळावी तसे गुंडाळून नाहीसे का होत नाहीत? १९६४ साली लिन आणि शू यांनी दिलेले उत्तर आपल्याला वारीवरून समजेल. पालखी दिवे घाट चढते तेव्हा अरुंद वळणावर गर्दी दाटते. तासाने पाहावे तर गर्दी तेथेच, पण माणसे तीच नव्हेत. पहिली पुढे गेली, मागची येऊन दाटली. भोवऱ्याचा हात ही अशी गर्दीची लाट. तारे तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात, आकृती राहते. साऱ्याच दीर्घिकांचे हात असेच घडतात असे नाही, पण रेखीव हातांचे मर्म समजायला घाट पुरे.

आता या गोष्टीचा धागा आपल्या दाराशी येतो. १८८८ साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. कावसजी नायगमवाला हे तिचे चालक. तेथली वीस इंची दुर्बीण आयर्लंडमधूनच आलेली, डब्लिनच्या ग्रब कारखान्यात घडलेली. १९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि सामान कोडाईकनालला गेले. पुण्याची दुर्बीण गेली. पाहण्याचा नाद गेला नाही.

त्याच पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून २०२५ च्या नोव्हेंबरात एक बातमी आली. राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब या अवकाश-दुर्बिणीच्या छायाचित्रांतून एक भोवरा शोधून काढला होता. त्याचा प्रकाश बाराशे कोटी वर्षांपूर्वी निघालेला. विश्व तेव्हा अवघे दीडशे कोटी वर्षांचे. इतक्या कोवळ्या वयातल्या दीर्घिका बहुतेक वेड्यावाकड्या असतात, रेखीव हात यायला फार काळ लागतो, असा समज होता. आणि ही पाहावी तर दोन सुरेख हात, सुमारे तीस हजार प्रकाशवर्षांचा पसारा, आणि दर वर्षी साठेक सूर्य होतील इतक्या द्रव्याचे नवे तारे. आपल्या आकाशगंगेच्या आजच्या वेगाच्या वीसपट. वाटेत असलेल्या दीर्घिकांच्या एका प्रचंड पुंजाने भिंगासारखे काम करून ती उजळ दाखवली, म्हणून ती हाती लागली. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. मंदाकिनी नदीची बहीण अलकनंदा. म्हणून या भोवऱ्याचे नाव ठेवले अलकनंदा.

ती बातमी वाचली त्या दिवशी मला शाळेची पायरी आठवली. तो मुलगा आता मोठा झाला. ज्योतिषी झाला असे लिहायला मला आवडले असते, पण तसे नाही. तो दुसऱ्या जिल्ह्यात गाडीवर काम करतो. दिवाळीला घरी येतो. आबा अजून आहेत. गेल्या खेपेला मी त्यांच्याकडे फराळाला गेलो, तेव्हा त्यांना बरच्या दुर्बिणीची गोष्ट सांगितली. करपा, खंदक, सगळे. आबांनी मन लावून ऐकली. मग विचारले, "पुन्ना बघाया लागला न्हवं, दुष्काळ गेल्यावर?"

"लागला की, आबा."

"मग ठीक," ते म्हणाले. "आधी जनावरं पाजायची. मग बघंना का बापडा."

इतकी वर्षे मला न सुचलेले उत्तर त्यांनी दोन वाक्यांत दिले. तारे पाहून पोट भरत नाही, हे आबांचे म्हणणे खरेच होते. ते मी आजही खोडून काढणार नाही. पण निवून कुडकुडणाऱ्या पोरांना घेऊन या दिवाळीच्या पहाटे मी अंगणात उभा राहणार आहे. आधी त्यांच्या आंघोळी होऊ देत, पोटात दोन करंज्या जाऊ देत. मग उजाडायच्या आत त्यांना ईशान्येकडचा मरीची दाखवीन, आणि सांगेन, की त्याच्या शेजारी एक भोवरा आहे. तो दिसत नाही, पण आहे.